पंधराशे धनुर्धारी आणि एक हरीण

आठ जण आठ ठिकाणी बसून एकच गेम खेळत आहेत. गेम सुरू होताना नकाशा तयार झाला, जंगल उगवलं, हरणं सुटली. त्यातलं एक हरीण एका कॉम्प्युटरवर इतरांपेक्षा केसभर सरकून उभं राहिलं. कुणाच्या लक्षात येण्याचं काही कारणच नव्हतं. ते हरीण चरता चरता जरा वेगळीकडे गेलं. काही मिनिटांनी त्याच्यामागे निघालेला गावकरी त्या एका पडद्यावर किंचित वेगळ्या वाटेने गेला, त्याचा भाला चुकला, मांस घरी आलं नाही. बाकीच्या सात पडद्यांवर मात्र आलं. इथून पुढे त्या आठ जणांचा खेळ एक राहिला नाही. एकाच्या कोठारात धान्य कमी, म्हणून त्याच्याकडे एक सैनिक कमी, म्हणून पुढची लढाई वेगळी. कॉम्प्युटरला हा फरक कळला की गेम तिथेच थांबायचा.

हे हरीण डॅलसच्या ‘एन्सेंबल स्टुडिओज’ या कंपनीतलं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ करताना तिथल्या प्रोग्रॅमरांना अशा चुका शोधत बसावं लागलं. एकेका चुकीमागे ५० एमबीपर्यंतच्या नोंदी चाळायच्या आणि पहिला फरक कुठे पडला ते हुडकायचं. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या त्यांच्यातल्या दोघांनी २००१ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हे सगळं उघडपणे सांगितलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच २८.८ च्या मॉडेमवर पळणारे पंधराशे धनुर्धारी आहेत. माझा धंदा नेटवर्क टेस्टिंगचा. नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना आधी हा निबंध वाचायला देतो, मग बाकीचं.

कारण त्यात एक साधा हिशेब आहे. १९९७ साली बहुतेकांच्या घरी २८.८ किंवा त्याच्या आसपासचा मॉडेम. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, कुठे तोंड करून आहे, किती जखमी आहे, ही माहिती सारखी पाठवत राहिलं तर त्या तारेतून फार तर अडीचशे सैनिकांची खबर जाईल. यांना हवे होते त्याच्या सहापट. मग त्यांनी सैनिकांची खबर पाठवणंच सोडून दिलं. प्रत्येक कॉम्प्युटरने संपूर्ण युद्ध स्वतःच चालवायचं, आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवायचे: अमक्या तुकडीने तमक्या जागी जावं. आत्ता दिलेला हुकूम लगेच अमलात येत नाही, दोन पाळ्या सोडून तिसऱ्या पाळीत येतो. एक पाळी साधारण २०० मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात तो सगळ्यांकडे पोचलेला असतो आणि आठही ठिकाणी एकाच क्षणी अमलात येतो. आठही जगं तंतोतंत सारखी चालली पाहिजेत, ही यातली अट. रँडम आकड्यांचं बीजसुद्धा सगळीकडे एकच. म्हणून ते हरीण केसभर सरकून चालत नव्हतं.

त्यांनी माणसांचंही निरीक्षण केलं होतं, आणि मला ते कोडपेक्षा मोलाचं वाटतं. हुकूम दिल्यावर पाव सेकंद उशीर झाला तर खेळणाऱ्याला तो जाणवतच नाही. अर्ध्या सेकंदापर्यंतही तो चालवून घेतो, हात त्या गतीला सरावतो. पण उशीर कधी कमी, कधी जास्त झाला की तो वैतागतो. म्हणून त्यांनी गेम मुद्दाम एका संथ, पण ठाम लयीत ठेवला. आमच्या धंद्यात वेगाच्या जाहिराती करणारे पुष्कळ भेटतात. स्थिर उशीर बरा, हे माणसांना खेळताना पाहून शिकलेले थोडे.

मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तो कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. नेटवर्क म्हणजे काळी कोअ‍ॅक्सिअल केबल, प्रत्येक मशीनमागे टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर. एखाद्याने चुकून टर्मिनेटर काढला की अख्खी ओळ झोपायची आणि मागून आवाज यायचा, ‘कुणी काढला रे?’ रात्री लॅब मिळाली की चौघं-चौघं दोन बाजूंना. पर्शियन कुणी घ्यायचे, हित्ताइत कुणी घ्यायचे यावरून भांडणं व्हायची. पुजारी समोरच्या सैनिकावर मंत्र टाकताना जो ‘वोलोलो’ काढायचा तो पुढे मेसमध्येही ऐकू यायला लागला, भाजी दुसऱ्याच्या ताटातून आपल्याकडे ओढताना. हा गेम डॅलसमध्ये झालाय हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. डब्यावर मायक्रोसॉफ्टचं नाव मोठं होतं.

पुढे २००० साली मी टेलिकॉमच्या नोकरीसाठी डॅलसच्या उत्तरेला, रिचर्डसनला आलो. त्या पट्ट्याला तेव्हा ‘टेलिकॉम कॉरिडॉर’ म्हणत. आमच्यासारखी किती मराठी पोरं त्या काळात तिथे उतरली. आणि त्याच परिसरात गेम तयार करणाऱ्यांची एक वस्तीच होती हे इथे आल्यावर कळलं. मेस्किटमध्ये ‘डूम’ आणि ‘क्वेक’वाले इड सॉफ्टवेअर, गार्लंडमध्ये अपोजी, प्लेनोमध्ये गिअरबॉक्स. हे बहुतेक सगळे बंदूक हातात घेऊन धावायचे गेम करणारे. शेत नांगरायचा, लाकूड तोडायचा, मग राज्य वाढवायचा गेम करणारे एन्सेंबलच.

तिचा जन्मही गेमच्या धंद्यात झालेला नाही. टोनी गुडमन आणि जॉन बूग-स्कॉट यांची ‘एन्सेंबल कॉर्पोरेशन’ ही डॅलसमधली डेटाबेस आणि कन्सल्टिंगचं काम करणारी कंपनी. धंदा बरा चालला होता. टोनीला गेम करायचे होते. १९९५ साली त्याने भाऊ रिक आणि ब्रायन सुलिव्हन यांना बरोबर घेऊन एन्सेंबल स्टुडिओज काढला. त्यांना ब्रूस शेली येऊन मिळाला आणि तिथून या गोष्टीला वजन आलं. शेली आधी बोर्ड गेम्सच्या जगातला, मग मायक्रोप्रोजमध्ये सिड मायरच्या जोडीने १९९० ची ‘रेलरोड टायकून’ आणि १९९१ ची ‘सिव्हिलायझेशन’ करणारा. त्याची आणि गुडमनची ओळख कितीतरी आधीची, व्हर्जिनियातल्या बोर्ड गेम खेळणाऱ्या मंडळातली. टोनी तेव्हा शाळकरी वयातला. पुढे ज्या कंपनीने जगाला कॉम्प्युटरवर एकत्र खेळायला शिकवलं, तिचं मूळ पुठ्ठ्याचा पट मांडून गोल बसणाऱ्या मंडळींत आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

‘सिव्हिलायझेशन’चा इतिहास आणि ‘वॉरक्राफ्ट’ची चपळाई एकत्र आणायची, ही मूळ कल्पना. सुरुवातीला तिचं कामचलाऊ नाव ‘डॉन ऑफ मॅन’ होतं. इतिहास किती खोल न्यायचा याबद्दल शेलीचं मत स्पष्ट होतं: संदर्भ शोधायला तो सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या विभागात जायचा. लहान मुलाला ज्या गोष्टी माहीत असतात त्याच खेळणाऱ्याला ओळखीच्या वाटतात. पिरॅमिड, रथ, हत्ती, कॅटापुल्ट. इतिहासाचे अभ्यासक यावर नाक मुरडतील. मला त्यात खेळणाऱ्याबद्दलचा आदर दिसतो. कराडच्या लॅबमधल्या ज्या मुलाने पाठ्यपुस्तकापलीकडे सुमेर हे नाव ऐकलं नव्हतं, त्याला त्या गेमने एकही धडा वाचायला न लावता सुमेरचा रथ हाकायला दिला. मग त्याने पुस्तक आपणहून शोधलं. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे.

कंपनीचे दोन नियम सांगण्यासारखे आहेत. पहिला, सगळ्यांनी खेळायचं. चित्रकार असो, संगीतकार असो, ऑफिसचं काम बघणारा असो, गेम तयार होत असताना प्रत्येकाने ठरलेल्या वेळी बसून तो खेळायचा आणि काय आवडलं, काय खटकलं ते सांगायचं. डिझाइन कागदावर पूर्ण लिहून मग बांधायला घ्यायचं, असं तिथे नव्हतं. आज जे खेळलं त्यावरून उद्या बदल, परत खेळणं, परत बदल. दुसरा नियम नोकरीवर घेण्याचा. ज्या विभागात माणूस येणार, त्या विभागातल्या लोकांनी त्याला पसंत केलं पाहिजे. एकाचाही ठाम नकार असला तर गडी बाद. त्यामुळे तिथे आलेली माणसं टिकली. सँडी पीटरसन इडमधून ‘डूम’चे नकाशे करून आलेला. ग्रेग स्ट्रीट तर सागरी जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेला संशोधक, तो गेम डिझायनर झाला. संगीत स्टीफन रिपीचं. त्याचा भाऊ डेव्हिड रिपीही तिथेच, निर्मितीच्या बाजूला.

ऑक्टोबर १९९७ मध्ये पहिला ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला. पुढच्या वर्षी ‘राइज ऑफ रोम’, १९९९ मध्ये ‘एज ऑफ किंग्ज’, २००० मध्ये ‘कॉन्करर्स’. चार वर्षांत चार डबे, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा चांगला. ‘एज ऑफ किंग्ज’बद्दल लिहायला बसलो तर हा लेख दुसरीकडेच जाईल. एवढंच सांगतो, की त्या गेममध्ये रिकामे बसलेले गावकरी एका बटणावर सापडायला लागले. ही सोय आज अशा बहुतेक गेममध्ये असते म्हणून कुणाला तिचं अप्रूप वाटत नाही. ती सुचायला आपला स्वतःचा गेम हजार वेळा खेळून त्यात कंटाळलेला माणूसच लागतो. बैठकीत बसून ते सुचत नाही.

२००१ साली मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी आमच्या टेलिकॉम कॉरिडॉरमध्ये पडझड सुरू झाली. मी ज्या कंपनीत होतो तिथे एका सकाळी आम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं, पाकिटं वाटली आणि दुपारपर्यंत बॅज परत घेतले. सहा महिने ज्या टेस्ट बेडवर काम चाललं होतं तो तसाच चालू राहिला, दिवे लुकलुकत. पुढे काय झालं त्याचं हे विचारायची सोयही नव्हती. नोकऱ्या शोधणारे शंभरावर, हातात एच-वन बी व्हिसा आणि घरी सांगायला काही नाही, असे आमचे दिवस होते. त्या हिवाळ्यात एन्सेंबलसारखी मोठ्या कंपनीच्या आसऱ्याला गेलेली मंडळी आम्हाला नशीबवान वाटायची.

आणि काही वर्षं ती होतीही. २००२ मध्ये ‘एज ऑफ मिथॉलॉजी’, त्यांचा पहिला पूर्ण थ्रीडी गेम. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स ३’. तो दिसायला देखणा होता, पाण्यावरचा सूर्यप्रकाश बघत राहावा असा. पण दोन गेममधलं अंतर वाढत चाललं होतं. १९९९ ते २००२ तीन वर्षं, पुन्हा २००५ पर्यंत तीन वर्षं. थ्रीडीमुळे काम महागलं, माणसं वाढली, आणि जो स्टुडिओ रोज खेळून रोज बदलायचा त्याला आता प्रत्येक बदलाची किंमत जास्त पडत होती.

भारत या मालिकेत आला तो २००७ च्या ‘एशियन डायनेस्टीज’मध्ये. हे काम मुख्यतः मेरीलँडमधल्या बिग ह्यूज गेम्सने केलं, ब्रायन रेनॉल्ड्सच्या कंपनीने. एन्सेंबलचेही डिझायनर त्यात होते. भारतीय गावकरी घडवायला तिथे अन्नाऐवजी लाकूड लागायचं, गाई मारून खायची सोय नव्हती, त्याऐवजी गाई बांधायचं पवित्र कुरण होतं. चारमिनार, आग्र्याचा किल्ला, ताजमहाल बांधून पुढच्या युगात जायचं. मोहिमेत १८५७. आम्ही प्लेनोत एका मित्राकडे चार लॅपटॉप जोडून तो खेळलो. हत्ती निघाले तेव्हा मित्राचे वडील, साताऱ्याहून आलेले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘यात मराठे कुठायत रे?’ आम्ही म्हटलं, ‘काका, दिल्लीच आहे सगळी.’ ते उठून गेले. त्यांचा राग रास्त होता, अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानावर गेम करून मराठ्यांना वगळणं म्हणजे त्या शतकाचा अर्धा भाग वगळणं. मुलांच्या विभागातल्या पुस्तकांवर विसंबण्याची ही दुसरी बाजू: ती पुस्तकं ज्या वाचनालयातली, तिथल्याच मुलांना जे ठाऊक असतं तेवढंच गेममध्ये येतं.

हे काम बाहेर द्यावं लागलं, कारण एन्सेंबल दुसऱ्याच मोहिमेवर निघाली होती. मायक्रोसॉफ्टचा जीव आता एक्सबॉक्समध्ये होता, आणि माउसवर खेळायचा रणनीतीचा गेम हातातल्या कंट्रोलरवर कसा आणायचा हे कोडं कुणाला सुटलेलं नव्हतं. एन्सेंबलने त्यावर प्रयोग सुरू केले. त्या प्रकल्पाचं नाव ‘फिनिक्स’, त्यात माणसं विरुद्ध परग्रहवासी अशी त्यांची स्वतःची कथा होती. मायक्रोसॉफ्टला ते पसंत पडलं, पण अट घातली की हे ‘हेलो’च्या जगात बसवा. ‘हेलो’ ही त्यांची सगळ्यात खपणारी मालिका. म्हणजे स्वतः उभं केलेलं जग मोडायचं आणि दुसऱ्या स्टुडिओने घडवलेल्या जगात आपला गेम ओतायचा. २००६ मध्ये ‘हेलो वॉर्स’ जाहीर झाला.

त्याच काळात आत आणखी प्रकल्प चालू होते. ‘टायटन’ या नावाने हेलोच्याच जगातला, इंटरनेटवर हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा मोठा गेम. ‘नोव्हा’ नावाचा ‘डायाब्लो’च्या धर्तीचा. ‘एजंट’ नावाचा हेरगिरीचा. यातला एकही दुकानात आला नाही. प्रत्येकावर माणसं लागली होती, प्रत्येकाला पगार जात होता. २००५ नंतर एन्सेंबलच्या नावावर विस्तारांखेरीज एकच पूर्ण गेम निघाला, आणि तोही २००९ मध्ये.

हे मी लपवत नाही, कारण बंद होण्याच्या कहाणीत दोष नेहमी वरच्या कंपनीच्या माथी मारायची आपल्याकडे पद्धत आहे. एन्सेंबल महाग स्टुडिओ होता. तिथली माणसं जुनी, अनुभवी, त्यामुळे पगार चढे, आणि ज्यांना तोच एक प्रकार करून कंटाळा आला होता त्यांना वेगळं काहीतरी करून बघायचं होतं. ही इच्छा खरी होती. पण तिच्या पोटी चार दिशांना चार घोडे सोडले गेले. टोनी गुडमनचं जे कौशल्य होतं, सगळ्यांना एका पटाभोवती बसवायचं, ते शंभरावर माणसांना चार पटांवर पुरलं नाही.

तरीही पुढे जे झालं ते मला आजही पटत नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये, लेमन ब्रदर्स बुडाली त्याच महिन्यात, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ‘हेलो वॉर्स’ पूर्ण झाला की एन्सेंबल स्टुडिओज बंद करणार. कारण दिलं गेलं ते पैशाच्या नियोजनाचं. म्हणजे शेवट आधी सांगितला आणि काम नंतर करून घेतलं. आपली कंपनी उरणार नाही हे माहीत असलेल्या शंभराच्या आसपास माणसांनी त्यानंतरचे महिने रोज ऑफिसला येऊन तो गेम संपवला. नेहमीसारखाच खेळून, नेहमीसारखाच सुधारून.

मी टेस्टिंगमध्ये आयुष्य काढलंय. शेवटचे महिने कसे असतात ते मला माहीत आहे. त्या काळात नवीन काही करायचं नसतं, फक्त चुका काढायच्या असतात. एकेक बग घ्यायचा, तो पुन्हा घडवून बघायचा, दुरुस्त करायचा, त्या दुरुस्तीने दुसरं काही मोडलं नाही ना ते बघायचं. यात कौतुक कुठलंच नसतं. खेळणाऱ्याला जो त्रास झालाच नाही त्याबद्दल तो कधी आभार मानत नाही. हे काम माणूस करतो ते पुढच्या वेळी याच लोकांबरोबर बसायचं असतं म्हणून. इथे पुढची वेळ नव्हती. तरी त्यांनी ते केलं. जानेवारी २००९ च्या अखेरीस स्टुडिओ बंद झाला. गेम दुकानात आला तो फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीला, त्याला घडवणारी कंपनी तेव्हा उरलेली नव्हती. मार्च सरायच्या आत त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. कंट्रोलरवर रणनीतीचा गेम चालू शकतो हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. मी तो मित्राच्या घरी एक्सबॉक्सवर खेळलो. त्यात हरणं नाहीत. पण एका बटणावर सगळी फौज निवडता येते, आणि त्या बटणामागचा हात मला ओळखू आला.

बंद होईपर्यंत एज मालिकेच्या दोन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. एवढं कमावून देणारा स्टुडिओ बंद होतो तेव्हा लोक म्हणतात, धंदा आहे, भावनेला जागा नाही. मी धंद्याच्याच बाजूने बोलतो. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये जे विकत घेतलं त्यात तीन गोष्टी होत्या: नाव, कोड आणि एकमेकांबरोबर खेळायची सवय लागलेली माणसं. नाव आणि कोड फडताळात ठेवता येतात. तिसरी गोष्ट ठेवता येत नाही. ती रोज वापरली तरच असते. त्यांनी पहिल्या दोन ठेवल्या आणि तिसरी सोडून दिली. आणि मग लगेचच ती परत भाड्याने घ्यावी लागली: टोनी गुडमनने काही सहकाऱ्यांना घेऊन प्लेनोत ‘रोबोट एंटरटेनमेंट’ काढली, आणि ‘हेलो वॉर्स’ची पुढची डागडुजी मायक्रोसॉफ्टने रोबोटलाच दिली. ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ही रोबोटमध्येच सुरू झाला. तो पुढे दुसऱ्या स्टुडिओकडे गेला, २०११ मध्ये आला आणि २०१४ मध्ये बंद झाला.

बाकीची मंडळीही डॅलस सोडून फार लांब गेली नाहीत, आणि या भागात राहणाऱ्याला ही गोष्ट जवळून दिसली. बेटनर बंधू, पॉल आणि डेव्हिड, बंदची घोषणा व्हायच्या आधीच बाहेर पडले होते. मकिनीमध्ये त्यांनी ‘न्यूटॉय’ काढली आणि ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ केला, शब्द जुळवायचा मोबाइलवरचा गेम. ज्याने पंधराशे धनुर्धारी आठ ठिकाणी एकाच क्षणी पळवले, त्याने नंतर असा गेम केला ज्यात समोरच्याच्या खेळीसाठी दिवसभर थांबलं तरी चालतं. माझी बायको तो आपल्या पुण्यातल्या बहिणीशी वर्षानुवर्षं खेळली. दोघींच्या दिवस-रात्रीत साडेदहा-साडेअकरा तासांचं अंतर. एकीची खेळी सकाळच्या चहाला, दुसरीची रात्री झोपताना. तिला एन्सेंबलचं नाव कधी माहीत नव्हतं. २०१० मध्ये न्यूटॉय झिंगा या गेम कंपनीने विकत घेतली.

रोबोटने २०११ मध्ये ‘ऑर्क्स मस्ट डाय’ केला आणि तो चालला. डेव्ह पॉटिंजर, ज्याने एजमधल्या कॉम्प्युटर शत्रूला डोकं दिलं, त्याने २०१२ मध्ये ‘बोनस एक्सपी’ काढली. ग्रेग स्ट्रीट ब्लिझार्डमध्ये जाऊन ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मुख्य डिझायनरांत गणला गेला. आधीच बाहेर पडलेल्या रिक गुडमनने मॅसॅच्युसेट्समध्ये ‘एम्पायर अर्थ’ केला होता, तो स्टुडिओ २००५ मध्ये बंद झाला. ब्रायन सुलिव्हनचा ‘आयर्न लोर’ २००८ मध्ये. या धंद्यात स्टुडिओ बंद होणं पाचवीलाच पुजलेलं. बिग ह्यूज गेम्सचं सगळ्यात वाईट झालं: तिला एका माजी बेसबॉल खेळाडूच्या ‘३८ स्टुडिओज’ने घेतलं, ऱ्होड आयलंड राज्याने त्या कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली, आणि २०१२ च्या मे महिन्यात दोन्ही एकदमच बुडाल्या.

मधल्या काळात मायक्रोसॉफ्टच्या फडताळातलं नावही बाहेर आलं. कारण लोकांनी खेळणं थांबवलं नव्हतं. ‘एज ऑफ किंग्ज’ला २०१३ मध्ये नवा रंग देऊन आणलं, आणि त्याच वर्षी त्याला विस्तार मिळाला तो ‘फरगॉटन एम्पायर्स’ या मंडळींकडून. हे मूळचे चाहते, हौसेने त्या गेममध्ये भर घालत बसलेले. आज ‘एज २’चे नवे विस्तार करण्यात त्यांचाच हात मोठा आहे. २०२२ च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’मध्ये बंगाली, द्राविड आणि गुर्जर आले. साताऱ्याच्या काकांना अजून वाट बघावी लागणार, पण वाचनालयाचा विभाग तरी बदललाय, हे मी त्यांना फोनवर सांगितलं. एन्सेंबल नसती तर हे चाहतेही नसते. आणि एन्सेंबलच्या माणसांना जे काम करू दिलं नाही, ते शेवटी त्यांच्या खेळाडूंनीच उचललं.

त्या माणसांची डॅलसमधली सगळ्यात लांबलेली साखळी मात्र मला रोजच्या रस्त्यावर दिसत राहिली. डेव्हिड रिपी आणि एन्सेंबलमधल्या आणखी काहींनी २००९ मध्ये ‘बॉनफायर’ काढली. २०१० मध्ये ती झिंगाने घेतली, तिचं ‘झिंगा डॅलस’ झालं. त्यांनी ‘कॅसलव्हिल’ केला. २०१३ च्या जूनमध्ये झिंगाने डॅलसचं ऑफिस बंद केलं. त्याच माणसांनी त्याच वर्षी ‘बॉस फाइट’ काढली, दोन वर्षांनी ‘डन्जन बॉस’ आणला. २०२२ मध्ये ती नेटफ्लिक्सने विकत घेतली आणि २०२५ मध्ये बंद केली. त्यांच्यातले काही जण एव्हाना पन्नाशीच्या पुढे गेले असतील. यावेळी पुन्हा कुणी नवीन पाटी लावली तर त्या ऑफिसमध्ये टेस्टिंगचं काम करायला मी पगाराचा विचार न करता जाईन.